यमूला मारायचं की नाही

विसूभाऊ आपली कादंबरी माझ्या बंबात घालत होते. मूठभर कागद आत गेले की लगेच दुसरी मूठ. मी ओल्या हातांनी धावले.

"अहो, पाणी तापलंय केव्हाच! कागद कसले घालताय?"

"वहिनी, मधे पडू नका. भिकार आहे सगळं."

मी त्यांना ढकललं, चिमटा घातला आणि सापडेल तेवढं बाहेर ओढलं. वर बादली ओतली, ती जरा जास्तच झाली. काड्यापेटीच्या कारखान्यातला हा टाइमकीपर. स्वतःची चूल कधी धड पेटवता आली नाही. त्या दिवशी मात्र पहिल्या झटक्यात जाळ.

हे अंबरनाथला झालं, बुवापाड्याजवळच्या आमच्या बैठ्या चाळीत. पलीकडे उल्हासनगरच्या कँपात सिंधी लोक तेव्हा नुकते कुठे स्थिरावत होते. विसूभाऊ शेजारच्या खोलीत एकटे राहायचे. त्यांना बसलेलं मी पाहिलं नव्हतं. लिहायचे तेही खिडकीच्या फळीवर, उभ्याने. वाक्य अडलं की ओट्यावर येरझारा.

"भाऊजी, बसा की जरा, मला गरगरतंय," मी ओरडायची.

"क्रियापद येईना हो!"

उपदेश मात्र बसल्याजागी मिळावा तसा सगळ्यांना मिळायचा. "पहिलं पान फाडा" हे त्यांचं पालुपद. नळावर एखादी सांगायला लागली, काल सकाळी मी उठले, अंघोळ केली, की हे मधेच, "उठलात ते कापा, अंघोळ कापा. पुढे?" बाई चिडून गप्प बसायची. मग हे म्हणायचे, "बघा, पुढे काही नव्हतंच."

पलीकडच्या सुमनने माहेरी लांबलचक पत्र लिहिलं होतं. पावसापाण्याची चौकशी, गाईची चौकशी, आणि शेवटी, लोणचं संपलंय, लोणच्यावाचून जेवणाचे हाल होतात, थोडं पाठवा. ते विसूभाऊंच्या हाती पडलं. सगळं कापून एक ओळ ठेवली, 'बाबा, इथे माझे हाल होतात.' ती बिचारी लेखकाने सांगितलं म्हणून तेवढंच टाकून आली. तिचा बाप दोन भावांना आणि एका काठीला घेऊन बदलापूर गावाहून हजर. सुमनचा नवरा ओट्यावर दाढी करत होता. तो अर्ध्या दाढीने मागच्या दाराने पळाला.

विसूभाऊ खूश. "एका ओळीत बाप आला. पानंच्या पानं लिहून आला असता?"

"लोणचं आलं का?" मी विचारलं.

मी चौथी शिकलेली. म्हणूनच त्यांनी मला धरलं. "शिकलेले तोंडदेखलं वा वा करतात. तुम्ही तांदूळ निवडत बसा, मी वाचतो." रेशनचे तांदूळ, त्यात खडे मुबलक. मला वाटायचं, बरी करमणूक आहे. मग लक्षात आलं, हा माणूस वाचता वाचता माझ्या हाताकडे बघतोय. हात थांबला की समासात फुली, तो मजकूर राहिला. हात चालू राहिला की पेन्सिलीने आडवी रेघ. एकदा चंद्राचं वर्णन होतं. माझे सूपभर तांदूळ निवडून झाले. चंद्र गेला.

कादंबरी यमू नावाच्या कारकुनाच्या बायकोची होती. ती गवळ्याच्या दुधात बोट बुडवते आणि म्हणते, "बोटाला लागतसुद्धा नाही. म्हैस विहिरीत बांधतोस काय रे?" तिथे माझा हात थांबला. मी हसले. विसूभाऊंनी फुली एवढी दाबून केली की कागद फाटला.

पुस्तकावर आपलं नाव बघायचं, एवढी एकच हाव त्या माणसाला होती. गिरगावातल्या एका प्रकाशकाने हस्तलिखित परत केलं. म्हणाला, बाकी ठीक आहे, शेवटी यमूला मारा. बायकांना रडायला आवडतं. मारा, मग छापतो.

"मारायला काय," विसूभाऊ म्हणाले. "पात्रावर माया करायची नाही. सुरी चालवायची." आणि ओट्यावर इतके फिरले की चपलेचा अंगठा तुटला.

त्या सकाळी ते मरण त्यांनी मला वाचून दाखवलं. यमूला ताप, नवऱ्याचे नवस, दिव्याची वात, सगळं आलं. वाचून संपलं.

"हात थांबला नाही तुमचा."

"कशाला थांबेल? पुस्तकातल्या सगळ्याच बायका अशा मरतात. ही यमू नव्हेच. यमूने डॉक्टरशी भांडण काढलं असतं."

त्यांनी सगळे कागद उचलले आणि बंबाकडे गेले.

मी भिजलेली पानं ओट्यावर उन्हात पसरली. उडू नयेत म्हणून वरवंटा ठेवला, तांबे ठेवले. विसूभाऊ बघत उभे होते. मग खाली बसले. मांडी घालून, चांगले बसले.

"काढलं होतं भांडण," ते म्हणाले.

"कोणी?"

"हिने. डॉक्टरला म्हणाली, इतकं कडू औषध आधी तुम्ही पिऊन दाखवा. अंगात ताप मावत नव्हता तेव्हा."

यांचं लग्न झालं होतं, हेच मला माहीत नव्हतं.

"तेव्हा टायफॉइडने नेली. माझ्या हातात काही नव्हतं. आता मीच मारली, वहिनी. छापतो म्हणाला म्हणून."

मला समजूत घालता येत नाही. पसरलेल्या पानांतली ती मरणाची पानं मी वेचून काढली आणि बंबात घातली. ओली होती, धूर फार झाला. पाणी तसंही पुन्हा तापवायचंच होतं.

गिरगावला ते पुन्हा गेले नाहीत. कँपात लोकूमल म्हणून एकाचा लग्नपत्रिकांचा छापखाना होता. त्याला मराठी येत नव्हतं. त्याने फक्त विचारलं, "साईं, आखिर में क्या होता है?"

"कुछ नहीं. बाई दूध तपाती है."

"मरती नहीं?"

"नहीं."

"अच्छा है. मरते हुए बहुत देखे. रख जाओ."

मुखपृष्ठावर त्याने लग्नपत्रिकेचाच कलश आणि वेलबुट्टी छापली, दुसरा ठसा नव्हता. मी प्रत सुमनला दाखवली तर ती म्हणाली, "अगबाई, कोणाचं लग्न?" अर्पणपत्रिका नव्हती. मी विचारलं, तर विसूभाऊ येरझारा घालत म्हणाले, "लिहिली होती. कापली."

पुस्तक खपलं नाही. विसूभाऊंची बायको टायफॉइडने गेली होती, ती गेलीच. यमू जगली.