गच्चीवरचा अरबी समुद्र

"झाकण लावू नका! गुदमरतील सगळे!"

रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून ही आरोळी उठली आणि पार्किंगमध्ये गाड्या पुसणारे लोक हातातली फडकी टाकून वर धावले. मीही धावलो. मी सेक्रेटरी आहे. सेक्रेटरी धावला नाही, तर पुढच्या सभेत तोच विषय पहिला निघतो.

वर पाहतो तर एक भलंमोठं निळं प्लास्टिकचं पिंप. त्याला दोन्ही हातांनी मिठी मारून डॉक्टर तांबे उभे. समोर ढालीसारखं झाकण धरून आमचे अध्यक्ष म्हात्रे.

"कोन गुदमरतील?" म्हात्र्यांनी विचारलं.

"आतले!"

"आत किती जन हायत?"

"मोजता येणार नाहीत. चमचाभर पाण्यात अख्ख्या नवी मुंबईपेक्षा जास्त!"

म्हात्र्यांनी पिंपात डोकावून पाहिलं. मग माझ्याकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "सेक्रेटरी, ह्यांची भाडेकरू म्हनून नोंद केली का?"

भांडण नक्की कशावरून होतं ते सांगतोच, पण आधी डॉक्टर तांबे सांगायला हवेत.

तांबे औषधाचे डॉक्टर नव्हेत. नेरूळला नवीन आलेला माणूस त्यांच्या दारावरची पाटी वाचून खोकला घेऊन जातो आणि समुद्र घेऊन बाहेर येतो. तीस-पस्तीस वर्षं ते समुद्रातल्या सूक्ष्मजंतूंवर संशोधन करत होते. आपल्या पश्चिम किनाऱ्याला, खाली केरळपासून वर गोव्यापर्यंत, पावसाळ्यात तळाचं थंड पाणी वर येतं. त्या पाण्यात खत असतं. त्या खतावर शेवाळ वाढतं, शेवाळावर तारली मासळी वाढते आणि तारलीवर आपण वाढतो. हे मला पाठ आहे, कारण लिफ्ट तळमजल्यावरून सहाव्यावर जाईपर्यंत एवढं बरोबर सांगून होतं. लिफ्ट बंद असली तर जिन्यात एन्झाइमसुद्धा सांगून होतात.

"सूक्ष्मजीवाला तोंड नाही," ते पहिल्या मजल्यावर सुरू करतात. "मेलेला मासा समोर पडलाय, पण गिळणार कसा? म्हणून तो काय करतो? कात्री बाहेर फेकतो! एन्झाइम म्हणजे कात्री. बाहेरच्या बाहेर कापाकापी. बारीक तुकडे झाले की मग आत ओढायचे." इथे चौथा मजला येतो. ते थांबतात, माझं कोपर धरतात. "आणि गंमत बघा. ज्यानं कात्री फेकली, त्यालाच घास मिळेल असं नाही. निम्मं शेजारी खातात. तरी तो फेकतोच!"

हे त्यांचं आवडतं वाक्य. 'कात्री आपली, घास शेजाऱ्याचा.' दुसरं आवडतं वाक्य म्हणजे 'ढवळलं का?' लोक 'कसं काय' विचारतात, 'जेवलात का' विचारतात. हे विचारतात, 'ढवळलं का?' तळाशी बसलेलं वर आलं नाही तर वरचे उपाशी मरतात, हा त्यांच्या मते समुद्राचा, सोसायटीचा आणि संसाराचा एकच नियम. आमच्या मजल्यावरच्या एका लग्नात त्यांनी नवऱ्यामुलीच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, "वर्षातून एकदा तरी तुमच्या घरात खालचं वर येवो." मुलीची आई मांडवातच रडू लागली. कुणाच्या तरी तेराव्याला गेले, तर मुलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "काळजी करू नकोस, काही वाया जात नाही. कोणीतरी कापतं, कोणीतरी खातं." त्या पोराच्या हातातली जिलबी तशीच हातात राहिली.

एवढा माणूस निवृत्त होऊन घरी बसेल कसा? त्यांनी समुद्रच घरी आणला. म्हणजे गच्चीवर. ते पिंप म्हणजे त्यांचा अरबी समुद्र. रोज सकाळी ते वल्हं घेऊन वर जातात आणि पिंप तळापासून ढवळतात. आमच्या विंगेतली निम्मी माणसं त्या आवाजावर उठतात. गजर लावत नाहीत.

आता समुद्राला खाऊ लागतो. त्यासाठी तांबे मासळी बाजारात जातात आणि कोळणीला विचारतात, "परवाचा बांगडा आहे का?" जन्मभर 'ताजा हाय, ताजा हाय' म्हणून घसा फोडलेल्या त्या बाईच्या डोक्यावर पहिल्या वेळी जणू आभाळच कोसळलं. "मेल्या, माज्याकडं शिला मासा?" म्हणून तिनं कोयता उचलला. तांबे हलले नाहीत. "तुमच्याकडे नाही, तर पलीकडे बघतो," म्हणाले. गिऱ्हाईक पलीकडे जातंय म्हटल्यावर तिनं टोपलीतला सकाळीच आलेला, डोळे चमकणारा बांगडा काढला आणि आईची शपथ घेऊन सांगितलं, "तीन दिसांचा हाय, दादा. वास घे." नवी मुंबईच्या इतिहासात ताजा मासा शिळा म्हणून खपवला गेल्याचा हा पहिलाच प्रसंग असावा.

पिंपात मासा जाऊ शकतो, पण पिंपातून काही बाहेर जाऊ शकत नाही. हा तांब्यांचा कडक कायदा. उन्हानं पाणी आटलं तर वरून नळाचं पाणी घालतील, पण बाहेर एक थेंब नाही. काचेवर थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतील, आणि बघून झाल्यावर काच धुऊन ते धुवणही पिंपात ओततील. सगळं जग पिंपाला बाहेरून जाळी लावतं, डास आत जाऊ नयेत म्हणून. यांची जाळी डास बाहेर जाऊ नयेत म्हणून. "डास इथं जन्मला म्हणजे इथलं खाऊन जन्मला," ते म्हणतात. "मग जाणार कुठे?"

एकदा जाळी जराशी सरकली होती आणि एका कावळ्यानं पिंपातला बांगड्याचा तुकडा उचलला. तांबे वल्हं घेऊन निघाले. गच्ची, जिना, गेट, रस्ता. "माझा फॉस्फरस! माझा फॉस्फरस घेऊन चालला!" वर कावळा, खाली तांबे, मागे सेक्टरमधली सगळी कुत्री. सीवूड्सच्या मॉलपाशी कावळा आत शिरल्यासारखा वाटला म्हणून हेही शिरायला गेले. दारावरच्या सिक्युरिटीनं वल्हं यंत्रातून घालून तपासायला मागितलं. ते मावेना. तेवढ्या हुज्जतीत कावळ्यानं तुकडा गिळला आणि तांबे माघारी आले. एका तुकड्यासाठी एवढं? आम्ही सगळे पोट धरून हसलो. ती गोष्ट मी स्वतः निदान पन्नास जणांना सांगितली आणि दर वेळी कावळा जरा मोठा केला.

आता भांडणाकडे येतो. सोसायटीची गच्ची गळायला लागली होती, आणि ती गळायला जागा सापडली म्हात्र्यांच्या पलंगावर. म्हात्रे सहाव्या मजल्यावर राहतात. मूळ इथल्याच गावचे. शहर आलं तेव्हा ते आधीपासून इथेच होते. मध्यरात्री कपाळावर थेंब पडला की माणसाचा स्वभाव बदलतो. त्यात त्यांची खात्री झाली की थेंब खारट आहे. म्हणजे पिंपातला. तांबे म्हणाले, "शक्य नाही. आपला प्रवाह खालून वर आहे, तुमच्याकडे वरून खाली येतंय." यावर म्हात्र्यांनी सभा बोलावली. ठराव झाला: वॉटरप्रूफिंग करायचं आणि पिंप हलवायचं. तो त्या रविवारी अमलात येणार होता. कंत्राटदाराची माणसं पहारी घेऊन आली होती. भरलेलं पिंप त्यांना उचलवेना. म्हणून म्हात्रे झाकण घेऊन आले, की झाकण लावून पिंप कलतं करत गच्चीच्या पन्हळीपर्यंत नेऊ आणि पाणी गटारात सोडू.

"डाक्टर, ऐका," म्हात्रे आता समजुतीनं म्हणाले. "आज ओता. काम झालं की माजा पुतन्या होडी घेऊन जाईल, पायजे तेवडा समुद्र भरून आनेल. ताजा."

"ताजा नको."

"मंग शिला आनेल."

"हेच पाणी पाहिजे, म्हात्रे."

"का पन? समुद्र तो समुद्र. त्याच्यात काय ह्याचा आनि त्याचा?"

तांब्यांनी पिंपाची मिठी सोडली. आता व्याख्यान येणार म्हणून मी एका बाजूच्या टाकीला टेकलो. पण ते अगदी हळू बोलले. एवढ्या हळू, की कंत्राटदाराच्या माणसानं ड्रिल बंद केलं.

"शेवटच्या सफरीहून येताना एक कॅन भरून आणला होता. ही म्हणायची, दर पावसाळ्यात तुम्ही घरातून गायब होता, तो तुमचा समुद्र मला एकदा आणून तरी दाखवा. म्हणून आणला. इथल्या किनाऱ्याच्या पाण्याला ते विरजण लावलं. पहिला बांगडा हिनं टाकला. कालवणासाठी आणलेल्यातला, स्वतःच्या वाट्याचा."

तांबेवहिनींना मी पाहिलेलं नाही. आम्ही राहायला आलो, त्याआधीच त्या गेल्या होत्या.

"बरं मंग?" म्हात्रे म्हणाले.

"तो अजून आत आहे."

म्हात्र्यांनी पुन्हा डोकावून पाहिलं. "हाड पन दिसत नाय."

"दिसणार नाही. कितीदा कापला गेलाय. त्याचं खत झालं, खताचं शेवाळ, शेवाळ मेलं, पुन्हा कात्र्या, पुन्हा खत. पण पिंपाबाहेर गेला नाही. त्याच्यातला फॉस्फरस हवेत उडून जात नाही हो. सांभाळला तर राहतो. एक कावळा थोडा घेऊन गेला, बाकी सगळा आहे."

गच्चीवर कुणी हसलं नाही. मी तर त्या कावळ्याच्या गोष्टीवर आजवर जेवणावळी जिंकल्या होत्या. मी टाकीवरचा आकडा वाचू लागलो.

म्हात्र्यांनी झाकण खाली ठेवलं. डोकं खाजवलं. मग कठड्यावरून वाकून, चौपाटीवर ऐकू जाईल अशा आवाजात, खाली ओरडले, "ए! परत्येक घरातून एक बादली वर पाठवा! धुऊन! अध्यक्षांनी सांगितलंय!"

आणि अशा रीतीनं आमच्या सोसायटीनं अरबी समुद्र वाटून घेतला. बादल्या आल्या, पातेली आली, एक लग्नातलं घंगाळ आलं, पहिल्या मजल्यावरच्यांनी तर प्रेशर कुकर पाठवला. तांबे एकेक तांब्या मोजूनमापून ओतत होते. शेवटी रिकामं पिंप विसळलं आणि ते विसळलेलं पाणीही म्हात्र्यांच्या पातेल्यात गेलं. जाताना प्रत्येकाला एकच सूचना, रोज ढवळा.

गच्चीचं काम चाललं तेवढे दिवस घरोघरी समुद्र होता. आमच्या न्हाणीघरातल्या बादलीवर शुभानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, माझी नेमणूक केली. "मी चहा ढवळते, तुम्ही समुद्र ढवळा. चमचे बदलू नका." रोज सकाळी तांबे बेल वाजवत प्रत्येक मजल्यावर फिरायचे. "ढवळलं का?" आणि बायका दारातून ओरडायच्या, "ढवळलं, ढवळलं!" तिसऱ्या मजल्यावर दोन जावांचं बोलणं बंद होतं. कोणाची बादली जास्त हिरवी यावरून त्या पुन्हा भांडायला लागल्या, आणि भांडण म्हणजे बोलणंच की.

आमच्याकडे मात्र अनर्थ झाला. शुभाचा भाऊ एपीएमसीत कांद्याचा व्यापारी आहे. तो मार्केटमधून थेट आला, न्हाणीघरात शिरला आणि त्यानं त्या बादलीत तांब्या बुडवून पायावर ओतायला घेतला. मी झेप घेतली. तांब्या वाचला, पण एक पाय भिजला. तेवढ्यात दारात तांबे! त्यांनी परिस्थिती पाहिली. मेहुण्याला स्टुलावर बसवलं, त्याचा पाय बादलीवर धरला आणि स्वच्छ पाण्यानं अंगठ्यापासून टाचेपर्यंत विसळून घेतला. थेंबन्‌थेंब बादलीत. मेहुणा एवढा भारावला, की एवढ्या मानानं पाय धुण्याची पद्धत लग्नानंतरही आमच्यात आहे असं त्यानं शुभाच्या माहेरी सांगितलं. कांद्याची साल एक आत गेली ती गेलीच. "असू दे," तांबे म्हणाले. "नवीन माणूस आला घरात."

काम संपलं. वरात काढावी तशा सगळ्या बादल्या जिन्यानं वर गेल्या. प्रत्येकीचं विसळलेलं पाणी पिंपात, मग जाळी. पिंप काठोकाठ भरलं तेव्हा तांब्यांनी आत हात बुडवला, नुसता मनगटापर्यंत, आणि बराच वेळ तसाच ठेवला. बाहेर काढल्यावर बोटं पिंपातच झटकली.

त्यानंतर त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काही दिवस वाकायचं नाही, जोर लावायचा नाही, अशी सक्त ताकीद. काळा चष्मा घालून ते सहाव्या मजल्याच्या जिन्यात स्टूल टाकून बसायचे आणि कान वर लावायचे.

एकदा सकाळी टाकीचा पंप बघायला मी गच्चीवर गेलो. पिंपाशी म्हात्रे होते. लुंगी खोचलेली, हातात वल्हं, आणि वल्हं मारायचा तो हात तांब्यांसारखा शिकाऊ नव्हता, होडीवर तयार झालेला होता. एका लयीत, तळापासून वर. कठड्यावर एक कावळा येऊन बसला. म्हात्र्यांनी वल्हं उगारलं, तो उडाला, आणि उगारलेल्या वल्ह्याचं पाणी त्यांनी पिंपावर धरून निथळून घेतलं.

"काय अध्यक्ष," मी म्हटलं, "पिंप हलवायचा ठराव तुमचाच ना?"

त्यांनी वल्हं पुन्हा तळाला घातलं.

"नाय ढवळला तर वास येतो," म्हात्रे म्हणाले.