अर्जाला लागलेली हळद

डाग तुरीच्या डाळीएवढा होता. नीट पाहिलं तर त्याच्या मध्यावर बोटाच्या रेषा उमटलेल्या दिसत होत्या, आणि ओल कागदात मुरल्यामुळे भोवती फिकट पिवळं कडं तयार झालं होतं. असे डाग चार होते, कागदाच्या चारी कोपऱ्यांत. चौथा थोडा घसरून गुणांच्या रकान्यापर्यंत आला होता.

विष्णुपंतांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तो कागद म्हणजे त्यांच्या मुलीचा, सत्यशीलाचा, एम.एस्सी.चा अर्ज होता. आज शनिवार. दुपारी एकच्या आत तो परभणीच्या कॉलेजात पोचायला हवा होता. बंदमुळे मुदत एकदा वाढली होती, आता वाढणार नव्हती. दुसरा फॉर्म मिळणार नव्हता, कारण एका उमेदवाराला एकच देत. आणि पहिल्याच पानावर छापलं होतं : डाग अथवा खाडाखोड असलेला अर्ज स्वीकारला जाणार नाही.

"कमल!" पाथरीच्या तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला आवाज स्वयंपाकघरापर्यंत पोचला. "हे काय करून ठेवलंस?"

"हळद लावली," त्यांची धाकटी बहीण कमलबाई हात पुसत बाहेर आली. "चांगल्या कामाचा कागद कोरा घराबाहेर काढत्यात का, दादा? लग्नाच्या पत्रिकेला न्हाई का लावत चार कोपऱ्याला?"

"ही पत्रिका नाही, दरखास्त आहे!"

"मंग तर जास्तच लावाय पायजे. पोरीचे मार्क बघितलेत का?"

मार्क विष्णुपंतांना पाठ होते. बी.एस्सी. तिसऱ्या वर्गात. रसायनशास्त्रात दोनदा नापास, तिसऱ्यांदा एक्केचाळीस. म्हणून त्यांनी महिनाभर एकच धोशा लावला होता, की वनस्पतिशास्त्र लिही. तिथे जागा रिकाम्या राहतात, मागचं कुणी उकरून काढत नाही. सत्यशीला हो म्हणत नव्हती, नाहीही म्हणत नव्हती. "बघू, अण्णा," म्हणायची. अर्जातला विषयाचा रकाना आजही कोरा होता.

ती न्हाणीत होती. ती बाहेर यायच्या आत प्रकरण निकाली काढावं, या हेतूनं विष्णुपंतांनी फडक्याचं टोक ओलं केलं, कपड्याच्या साबणावर घासलं आणि पहिल्या डागावर हलकेच फिरवलं.

डाग लाल झाला.

त्यांनी घाईनं दुसरा पुसला. तोही लाल झाला. घाबरलेला माणूस थांबत नाही. चारी कोपरे लालभडक झाले, तेव्हाच त्यांचा हात थांबला.

"अगं बाई!" कमलबाईनं कपाळाला हात लावला. "दादा, हळदीचं कुंकू झालं! आपोआप!"

"आपोआप कसलं? मी..."

"देवीची खूण हाय ही! आधी लगीन, मंग शिक्षण. सेलूचं स्थळ उगंच आलं का?" आणि विष्णुपंतांनी तोंड उघडायच्या आत ती शेजारच्या बायनाबाईकडे गेलीसुद्धा.

सत्यशीला केस पुसत बाहेर आली, तेव्हा तिचा अर्ज पाटावर होता. समोर निरांजन होतं, वर अक्षता होत्या. बायनाबाई आणि आणखी दोघी हात जोडून उभ्या होत्या. विष्णुपंत भिंतीला टेकून, गुन्हा कबूल करायला आल्यासारखे उभे होते. बायनाबाईनं कुंकवाची चिमूट उचलली. सत्यशीलानं तिचं मनगट हवेतच धरलं.

"मावशी, थांबा. आत्या, हळद कुणी लावली?"

"मी."

"आणि साबण?"

सगळ्या बायका विष्णुपंतांकडे वळल्या.

ती रागावली नाही. ती रागावली असती, तर त्यांना बरं वाटलं असतं. तिनं रद्दी कागदावर हळदीचं बोट ओढलं, त्यावर साबण लावला. लाल. मग लिंबाचा थेंब टाकला. पुन्हा पिवळं.

"देवीला कशाला त्रास, आत्या? साबण लागला की हळद लाल होती, आंबट लागलं की परत पिवळी."

"मला करू दे," बायनाबाई म्हणाली. मग दुसरीला करायचं होतं. मग कमलबाईनं, फक्त खात्री म्हणून, तीनदा केलं. साडेनऊच्या परभणी गाडीला वीस मिनिटं उरली.

अर्जाचे कोपरे लिंबानं पिवळे झाले. आता पिवळं काढायचं होतं. सत्यशीलानं स्टोव्ह पेटवायचं स्पिरिट मागितलं, काडीला कापूस गुंडाळला, कागदाखाली टीपकागद ठेवला. पण डागाला हात लावण्याआधी तिनं अर्जाच्या मागच्या कोऱ्या पानावर एक थेंब टाकला आणि तो वाळेपर्यंत शांत बसून राहिली.

"अगं, गाडी!"

"स्पिरिटला रंग असतो, अण्णा. कागदावर उरला तर?"

तो उरला नाही. मग शाई फुटते का, ते तिनं एका ठिपक्यावर पाहिलं. मग पहिला कोपरा घेतला. काडी टेकवायची, पिवळं खाली टीपकागदात उतरू द्यायचं, टीपकागद सरकवायचा, नवी काडी घ्यायची. कमलबाई न सांगता कापूस वळून देऊ लागली.

विष्णुपंत त्या बोटांकडे बघत होते आणि त्यांना हळूहळू एक गोष्ट उमगत होती. रसायनशास्त्राच्या परीक्षेच्या दिवशी त्यांनी तिला विचारलं होतं, पाचांतले दोनच प्रश्न का सोडवलेस? ती म्हणाली होती, "दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पटत नव्हतं, परत करून बघितलं." तेव्हा ते तिला आळशी म्हणाले होते. आळशी माणूस इतका वेळ घेत नाही.

साडेनऊची गाडी कोपऱ्यावरून हॉर्न वाजवत निघून गेली. सत्यशीलानं मान वर केली नाही. गुणांजवळचा चौथा कोपरा अजून व्हायचा होता.

"होऊ दे सावकाश," विष्णुपंत म्हणाले. असं काही आपण बोलू शकतो, हे त्यांना स्वतःलाही नवीन होतं.

पुढे जीप मिळाली. पण जीप भरल्याशिवाय निघत नाही, आणि भरल्यावरही जीपवाल्याला ती भरल्यासारखी वाटत नाही. विष्णुपंत एका बकरीशेजारी बसून, अर्ज दोन्ही हातांनी छातीशी धरून परभणीला पोचले. कॉलेजच्या खिडकीशी आले, तेव्हा एकला सात मिनिटं कमी होती.

कारकुनानं अर्ज उजेडात धरला. उलटा केला. चारी कोपरे पांढरे होते. मग त्यानं तो नाकाशी नेला.

"ह्याला वास कशाचा यायलाय?"

"स्पिरिटचा," सत्यशीला म्हणाली.

कारकुनानं चष्म्यावरून विष्णुपंतांकडे पाहिलं. जन्मात सुपारीपलीकडे न गेलेले विष्णुपंत नकळत एक पाऊल मागे सरले.

"बरं. विषय लिहिला न्हाई तुमी." त्यानं मार्कलिस्ट चाळली आणि त्याचा आवाज मऊ झाला. "ताई, एक सांगू का? बॉटनी लिहा. सात जागा हायत, आजच काम होईल. केमिस्ट्रीला मुलाखत हाय, आन तुमी तर त्याच्यातच दोनदा..." तो विष्णुपंतांकडे वळला. "साहेब, तुमी सांगा की पोरीला."

महिनाभर विष्णुपंत हेच सांगत होते. शब्दसुद्धा तेच. त्यांनी खिशातलं पेन काढून मुलीच्या हातात दिलं.

"मला नका विचारू," ते म्हणाले. "मी सकाळी साबण लावून बसलो होतो."

घड्याळात तीन मिनिटं उरली होती. सत्यशीलानं पेनाचं टोपण काढलं, निब अंगठ्याच्या नखावर टेकवून शाई नीट उतरतेय का ते पाहिलं, आणि मग आतल्या शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"केमिस्ट्री."