सर्च इंजिनात न सापडलेली दोनशे बारा घरं

राज्य नवं होतं, राजधानी नवी होती, आणि राजधानीला शोभेल असं संशोधन व्हावं म्हणून रायपूरच्या एका महाविद्यालयाने समाजशास्त्र विभागात इंटरनेट जोडून घेतलं. विभागप्रमुख डॉ. नीलकंठ हरदास यांना ‘संशोधनात सर्च इंजिनचा परिणामकारक वापर’ या तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवण्यात आलं. त्यातले दोन दिवस उद्घाटन आणि सत्कारात गेले. उरलेल्या दिवशी सर एक गोष्ट पक्की शिकले: वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधलं, की ते जगात कुठेही असो, शब्दशः सापडतं.

याच सुमारास अपर्णा मेश्रामने एम.ए.चा लघुप्रबंध सादर केला. ती बीरगावची, वडील शेजारच्या उरला औद्योगिक वसाहतीत, लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये कामाला. सहा महिने तिने दारोदार फिरून बायकांना एकच प्रश्न विचारला होता: धुतलेले कपडे वाळवता कुठे? पहिलं घर तिचं स्वतःचं.

“लिही,” आई कमला म्हणाली, “बारा वर्षांपासून घरातच वाळवून राहिलो. बाहेर टाकलं की मिलच्या धुरानं पांढरा युनिफॉर्म संध्याकाळपर्यंत काळा होते. पण पोरी, हे कॉलेजात राहीन ना? वाचतीन ना लोकं?”

“हव, आई,” अपर्णा म्हणाली. पुढे आणखी दोनशे अकरा बायकांना तिने हाच शब्द दिला. डिग्रीपेक्षा तिला त्या शब्दाचीच जास्त काळजी होती.

सरांनी प्रबंधातलं एक वाक्य उचललं: ‘बीरगावातील दोनशे बारापैकी एकशे नव्वद घरांत पांढरे कपडे घरातच वाळतात.’ अवतरणचिन्हं लावली. शोधलं. निकाल शून्य.

“नाही सापडत,” सर म्हणाले.

“सर, सापडणार कसं? हे मीच पहिल्यांदा विचारलं.”

“तेच तर! जे जगात कोणालेच माहीत नाही, ते तुलेच काहून माहीत?”

“बीरगाव इथून आठ-दहा किलोमीटर आहे सर. एकदा चला, दोऱ्या दाखवते.”

“डोळ्यांनी पाहणं म्हणजे संशोधन नाही, अपर्णा. डोळे पक्षपाती असतात.” सरांनी प्रबंधावर शेरा मारला: ‘आधार उपलब्ध नाही. सबब निष्कर्ष अस्तित्वात नाहीत.’ सुधारणेसाठी आठ दिवसांची मुदत दिली.

अपर्णा हुशार होती, तिथेच घोटाळा झाला. सायबर कॅफेत बसून तिने इंटरनेटवर फुकट मिळणारं एक पान उघडलं आणि दोनशे बारा घरं, नावागावासकट, त्यावर चढवली. आठव्या दिवशी सरांनी तेच वाक्य पुन्हा शोधलं. सापडलं. सरांचा चेहरा उजळला, मग एकेक शब्द जुळवताना पडत गेला.

“शब्दशः! मले वाटलंच होतं. चोरलं तू!”

“सर, ते मीच लिहिलंय. खाली नाव बघा ना.”

“अपर्णा मेश्राम. बरोबर. पण ती तूच, हे कशावरून?” सरांनी तिचं नाव अवतरणचिन्हांत टाकलं. पहिल्या पानावर पुण्याच्या एक दंतवैद्य आणि भरतनाट्यमच्या एक शिक्षिका आल्या. “यांच्यातली तू कोणती?”

“कोणतीच नाही. मी ही, तुमच्यासमोर बसलेली.”

“समोर बसणं हा आधार होत नाही,” सर कळवळून म्हणाले. त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं.

प्रकरण त्रिसदस्यीय समितीकडे गेलं. चार बैठकांनंतर समितीने ठराव केला की विद्यार्थिनीने मूळ लेखिकेचं ना-हरकत पत्र सादर करावं. अपर्णाने दात-ओठ खात लिहिलं: ‘मी, अपर्णा मेश्राम, कळविते की कु. अपर्णा मेश्राम हिने माझं संशोधन वापरण्यास माझी हरकत नाही.’ समितीने पत्राची आवक नोंदवली, बारकाईने छाननी केली, आणि त्यात एक गंभीर बाब आढळली: लेखिका व विद्यार्थिनी यांच्या सह्या हुबेहूब सारख्या होत्या. सबब पत्र बनावट.

तरीही मुलीचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून समितीने सहानुभूतीपूर्वक विषय बदलून दिला: ‘एकोणिसाव्या शतकातील लंडनचा धूर आणि नागरिकांचे कपडे’. या विषयावर अकरा लाख निकाल येत होते. अपर्णाने त्यांतले पहिले नऊ उघडले आणि तीन दुपारी सायबर कॅफेत बसून प्रबंध पुरा केला. वाक्यागणिक आधार होता. प्रथम श्रेणी मिळाली. सरांनी अभिप्राय लिहिला: ‘प्रत्यक्ष क्षेत्रकार्याचा उत्तम नमुना.’

सोनेरी अक्षरांची बांधीव प्रत तिने घरी आणली. आईने पदराला हात पुसून ती उघडली आणि विचारलं, “यात आमचं कुठं लिहिलं?” अपर्णाला लाज वाटली. शेजारच्या बायकाही विचारत येतील म्हणून पुढे कितीतरी दिवस ती मागच्या गल्लीने घरी येत होती.

हे असं खरंच घडलं का, हे पाहायला एव्हाना तुम्ही फोन हातात घेतला असेल. जरूर शोधा. गोष्ट नाही सापडली, तर मी थापाड्या. सापडली, तर चोर. बीरगावची गाडी मात्र दर वीस मिनिटांनी सुटते, आणि तुम्ही अजून इथेच बसलेले आहात.