नानामामांचं प्रूफ

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, माझी धाकटी बहीण मुक्ता हिच्यावर जबलपूरजवळच्या पनागरच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये अन्याय झाला. गोठवलेल्या मटारच्या पोत्यांमध्ये तिला स्टुलावर बसवून बाहेरून दार लावण्यात आलं. दार लावणारे गृहस्थ आमचे सख्खे मामा. हातात घड्याळ, काखेत रजिस्टर. नात्याची भीड न ठेवता मी हे लिहितो आहे.

मुक्ताचा गुन्हा एवढाच, की तिला एस्टोनियात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. युरोपच्या वरच्या टोकाला हा चिमुकला देश आहे. आपल्या जबलपूर जिल्ह्यात त्याहून जास्त माणसं राहतात.

नानामामा तोफांच्या फॅक्टरीत तपासनीस होते. तयार तोफ आधी डागून बघायची, टिकली तरच पाठवायची, याला तिथे ‘प्रूफ’ म्हणतात. उभा जन्म हेच केल्यामुळे ते निवृत्त झाले तरी तपासणी निवृत्त झाली नाही. नवी छत्री आणली की तिच्यावर आधी दोन बादल्या पाणी. मी आमच्या संघटनेचं पत्रक लिहिलं की ते शेजारच्या वर्माजींना वाचून दाखवणार. वर्माजींना राग आला नाही, तर पत्रक रिजेक्ट.

आई-बाबा गेल्यावर याच एकट्या माणसाने आम्हा दोघांना वाढवलं, हे मी नाकारत नाही. पण म्हणून पासपोर्ट कपाटात कुलूपबंद करायचा? शुक्रवारी दिल्लीत मुक्ताची व्हिसाची मुलाखत होती. त्यासाठी गुरुवारची गाडी गाठायची. ती चुकली तर पुढची तारीख कॉलेज सुरू झाल्यानंतरची, म्हणजे प्रवेश बुडालाच. मामा मात्र थंड.

“काहून घाई करून राहिली? प्रूफ झाल्याबिगर माल गेटाबाहेर जात नाही.”

थंडीत ती वीस मिनिटं टिकली. तिथला मॅनेजर बिचारा हात जोडून म्हणत होता, बाबूजी, बिटिया को निकालिए. मामा म्हणाले, चलो, और चार मिनट. बाहेर आल्यावर मुक्ताने नाक पुसलं आणि किलोभर मटार मागून घेतले.

मंगळवारी भरलेली सूटकेस ओढत कमानिया गेटच्या बाजारातल्या गर्दीतून तीन फेऱ्या. परदेशात सामान हरवता कामा नये. सूटकेस शाबूत राहिली, तिसऱ्या फेरीत मामाच हरवले. तासाभराने एका बांगडीवाल्याच्या दुकानात चहा पिताना सापडले. त्या रात्री मी निषेधाचं पत्रक लिहायला घेतलं. ‘घराघरातल्या इन्स्पेक्टरशाहीविरुद्ध’ हा मथळा होता.

बुधवारी शेवटचं प्रूफ, शांततेचं. तिकडे खोलीवर बोलायला कोणी नसणार. म्हणून सकाळी सात ते संध्याकाळी सात मुक्ताने दार लावून आत राहायचं, जेवण दाराशी ठेवायचं, कोणी चकार शब्द काढायचा नाही. मुक्ता पुस्तक घेऊन आत गेली आणि खुशाल लोळली. मी ओसरीवर पत्रक पुढे लिहीत होतो.

सव्वाआठला मामा तिच्या दाराशी येऊन विचारू लागले, मीठ कुठे ठेवलं? मीठ त्यांच्या हातात होतं. साडेनऊला त्यांनी दूधवाल्याची सगळी तक्रार दाराला सांगितली. अकरा वाजता खुर्ची दारापुढे टाकली आणि पेपर वाचायला घेतला. पेपर हिंदी. मामा एकेक बातमी मराठीत करून बंद दाराला ऐकवत होते.

दीड वाजता त्यांनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं.

“लिही. पोरगी पास.”

अजून साडेपाच तास बाकी आहेत, मी सुनावलं. नियम तुमचाच.

“ती बसते बाप्पा बारा तास. मलेच जमून नाही राहिलं.”

मग उठले, कपाट उघडलं आणि पासपोर्ट दाराखालच्या फटीतून आत सरकवला.

मी ते पत्रक छापलं नाही. त्याऐवजी हे छापतो आहे.

मुक्ता एस्टोनियात पोचली, तिचे वर्ग सुरू झाले. मी संघटनेच्या कामासाठी भोपाळला असतो, महिन्यातून दोनदा येतो, आणि हे पुरेसं नाही हे मला ठाऊक आहे. आमच्या गल्लीत मराठी बोलणारे आता मामाच उरलेत.

जबलपूरच्या मराठी माणसांनो, सत्यनारायणाला, हळदीकुंकवाला तुम्ही गोळा होता. एखाद्या रविवारी नानामामांकडेही जा. काय काम काढलं, असं ते विचारतील. काही काम नाही म्हणा, आणि बसा. तुमची पोरं बाहेर शिकायला गेली असतील तर सगळ्यांच्या आधी जा. आणि जेवल्याशिवाय उठू नका.