सातव्या मजल्याची स्वारी व गच्चीची फत्ते

विदित व्हावे जे, किल्ले घेणारांची कीर्ति दिगंतास जाते, परंतु एक गच्ची पांढरी करावयास केवढे रण माजले त्याची दाद कोणी घेतली नाही, म्हणोन हे वर्तमान जैसे घडले तैसे लिहिले असे.

सात मजल्यांची इमारत, तीवर चेअरमनसाहेबांचा अंमल. साहेबांस पृथ्वीची चिंता भारी. लिफ्टपाशी दोन माणसे उभी दिसली की वसुंधरेवर आणि वाढत्या कार्बनवर भाषण सुरू होई. आणि हेच पृथ्वीपालक तळमजल्याचे काचेचे दालन अष्टौप्रहर एसी लावून गारठवीत. तेथे माणूस नाही, खुर्ची नाही, प्लास्टिकचे एक झाड मात्र. आणि इमारतीचा दिमाख वाटसरांस कळावा म्हणोन दरवाजा मातीची कुंडी टेकवून सताड उघडा. मग ती थंडी रस्त्यावर जाई आणि मोकाट कुत्री उंबऱ्याशी येऊन सुखे निजत. साहेबांच्या कारभारावर राजी अशी प्रजा तेवढीच.

सातव्या मजल्यावर शाळेच्या मास्तरीणबाई आणि त्यांचे वृद्ध सासरे राहात. सासऱ्यांनी उभी हयात ओतशाळेत भट्टीपुढे काढली, परंतु डोईवरची गच्ची तापोन खोलीचा जो तवा होई त्यापुढे तेही बेजार जाहले, आणि एके दुपारी चक्कर येऊन न्हाणीघरात कोसळले. डॉक्टरांनी बजाविले की, खोली थंड करा, दुसरी चक्कर निभावणार नाही. बाईंनी एसी बसविला, तो त्या तव्यापुढे नुसता धापा टाकू लागला. मग बाईंनी साहेबांकडे अर्ज गुदरला की, गच्चीस ऊन परतविणारा पांढरा रंग द्यावा, आणि दालनाचा एसी बंद करावा, वीज वाचेल, आमचे माणूसही वाचेल. त्यास साहेबांचे फर्मान सुटले की, दालन चारचौघांस दिसते, गच्ची कोणास दिसते? जे दिसत नाही त्याची तजवीज करणे नाही.

तेव्हां बाईंनी मसलत केली. कमिटीची सभा सभासदांच्या घरी पाळीने भरे. बाईंनी पाळी मागून घेतली आणि भर उन्हाळ्यातली भर दुपार नेमिली. साहेब कोट घालोन, चिटणिसांस संगे घेऊन, "पृथ्वीचे वाढते तापमान" हे नवे भाषण बगलेत मारोन दाखल जाहले, आणि आसनस्थ होताच घामाने निथळले.

"एसी लावा की हो, बाई!"

"अहो, कार्बन वाढतो ना साहेब. तुम्हीच तर सांगता."

साहेबांनी अब्रूखातर भाषण आरंभिले. पहिल्या पानास कोट उतरला, दुसऱ्यास बूट, आणि हिमनग वितळावयाच्या आधीच चिटणिसांनी फरशीवर अंग टाकिले.

"पंखा तरी वाढवा!"

"वाढवलाय. तो तीच गरम हवा सगळ्यांना सारखी वाटतोय."

सासरे डोईवर ओला पंचा घेऊन दाराशी बसले होते. "थांबलात का? वाचा, वाचा," ते म्हणाले. "अर्धी पृथ्वी राहिलीय अजून."

साहेबांनी कागद खाली ठेविला आणि प्रथमच भाषण सोडोन साधे विचारिले, "आजोबा, तुम्ही इथे राहता तरी कसे?"

"भट्टीवर सुटीची घंटा तरी व्हायची," सासरे म्हणाले.

बाईंनी तहाचा कागद पुढे केला, आणि पृथ्वीसाठी जे कधी घडले नाही ते स्वतःच्या घामासाठी घडले: साहेबांनी न वाचता सही केली आणि जिना धरिला. लिफ्टचीही वाट पाहिली नाही.

मग गच्ची पांढरी जाहली, दालनाचा एसी थंडावला, दरवाजा मिटला. सातव्या मजल्याची धग उतरली. मग साहेब सोनेरी अक्षरांत "वसुंधरारक्षक" ऐसे आपले नाव कोरलेली पाटी घेऊन वरती चढले.

"लावा की," बाई म्हणाल्या. "फक्त माझ्या गच्चीला भोक पाडू नका."

येणेप्रमाणे गच्ची फत्ते जाहली. पाटी जिन्यात लागली, साहेबांनी साहेबांचे आभार मानिले, टाळ्या जाहल्या. सासरे समारंभास हजर नव्हते. भर दुपारी आपल्या खोलीत गाढ निजले होते, त्यांस कोणी उठविले नाही.