ताराक्काचं नऊचं दूध

चार वर्षं रोज सकाळी सहाला माझ्या दारावर लाटणं पडायचं. हात नव्हे, कडी नव्हे, लाटणं. पाठोपाठ शेजारच्या ताराक्काचा आवाज, अर्ध्या कसबा बावड्याला जाग यावी असा :

"आण्णा, हाईसा का गेलासा?"

"गेलो!" मी आतनं ओरडायचो.

"बरं झालं. जाताना फुलपात्र भाईर ठिवून जावा."

आणि चपला फटफटवत ती निघून जायची. "हाय" असं सरळ उत्तर मी तिला चार वर्षांत एकदाही दिलं नाही. का द्यावं? माणसानं सकाळी उठून आपल्या जिवंतपणाची हजेरी शेजारणीला द्यायची, हा कुठला न्याय?

फुलपात्र म्हणजे आदल्या रात्री नऊला ती ज्यातनं दूध आणून द्यायची ते. स्टीलचं, काठाला तिच्या मयत नवऱ्याचं नाव कोरलेलं. दुसऱ्याच्या नावाचं भांडं तोंडाला लावताना पहिले चार दिवस अवघडल्यासारखं झालं. मग सवय झाली.

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढं साखर कारखान्यात पॅनवर चौतीस वर्षं काढली. पॅन म्हणजे रस आटवून साखरेचा दाणा धरायचं भांडं, घराएवढं. कुठं थांबवायचं हे तिथल्या मीटरच्या काट्यांच्या आधी माझ्या नाकाला कळायचं. पदव्या घेतलेले साहेब येऊन मला विचारायचे, "आण्णा, सोडायचं का?" सांगायचा मुद्दा, उकळण्यातलं मला कुणी शिकवायचं कारण नाही. आणि ही बाई मला दूध शिकवायची.

ताराक्का सत्तरीची. ठेंगणी, नाकात चमकी, आणि चालताना मान कायम वर. वरनं काय पडेल सांगता येत नाही म्हणून. ती म्हशीला भीत नव्हती. बाकी सगळ्याला भ्यायची. कुकर लावला की तिसरी शिट्टी होईपर्यंत ही अंगणात. पंख्याखाली कधी बसली नाही. लग्नाच्या हॉलात गेली तरी आधी वर बघायची, मग खुर्ची सरकवायची. गॅसची टाकी बंद करून बाहेर पडली की कोपऱ्यावरनं परत यायची, बंद आहे का बघायची, निघायची, परत यायची.

"आक्का, टाकी काय चालत येतीय का तुमच्या मागनं?" मी विचारायचो.

"काय नेम हाय?"

तिच्या सगळ्या बोलण्याचा शेवट तिथंच. नारळाचं झाड? काय नेम हाय. चार्जिंगला लावलेला फोन? काय नेम हाय. पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी वाढलं अशी नुसती बातमी आली की हिची वळकटी माझ्या गच्चीवर. पाणी अजून नदीतच असायचं.

पण सगळ्यात मोठी भीती झोपेची. तिचा नवरा झोपेतच गेला. शेजारी ही. पहाटे नळाला पाणी आलं म्हणून हिनं त्याला दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा चिडून बोलली, घागर भरून घेतली, आणि चौथ्यांदा अंगाला हात लावला. "मेल्या माणसावर वराडलो मी, आण्णा," एवढंच ती मला एकदा म्हणाली, आणि लगेच गवळ्याच्या नव्या म्हशीबद्दल बोलायला लागली. (आमच्याकडच्या बायका 'मी गेलो, मी आलो' असंच बोलतात. बाहेरच्या वाचकांनी बिचकू नये.)

माझी मंडळी गेली आणि माझं घर रिकामं झालं. रात्रपाळ्यांनी झोप आधीच मोडली होती. दिवा मालवला की छातीत धडधडायचं, आणि आपण आता उठतोय का नाही असं काहीतरी मनात यायचं. मी कुणाला बोललो नव्हतो. कागलला दिलेल्या लेकीलाही नाही. म्हणून मी दिवा मालवायचोच नाही. तो दिवा ताराक्काच्या खिडकीतनं दिसतो हे माझ्या ध्यानात नव्हतं. एक दिवस रात्री नऊला ही फुलपात्र घेऊन दारात.

"मी काय आजारी न्हाय," मी म्हणालो.

"तुमी न्हाईसा. दिवा आजारी हाय तुमचा. प्या, नि मालवा त्येला."

तिथनं सुरू झालं. दुधाचा तिचा एक कायदाच होता. संध्याकाळी चौकात गवळी म्हशी घेऊन येतो आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धार काढतो, तेच दूध. पिशवीतलं चालायचं नाही. "त्येची म्हस कुणी बघिटलीय?" मग बारीक आचेवर तीन उकळ्या. चिमूटभर हळद, वाटलेली खसखस, आणि सहाणेवर जायफळाचे मोजून सात फेरे. आठवा नाही.

"आठव्यानं काय हुतंय?"

"माणूस लई झोपतो."

"लई म्हंजे किती?"

"काय नेम हाय?"

दूध आचेवर असेपर्यंत ती पातेल्यासमोरनं हलायची नाही. दारात पाहुणे उभे राहिले तरी नाही. आणि जायफळाचं दूध स्वतः कधी प्यायची नाही. गाढ झोप लागेल ना! दूध मला, जागरण तिला, अशी वाटणी.

त्या दुधानं मला झोप लागायला लागली. तसं मी कबूल केलं नाही. फुलपात्र परत देताना "पातळ हाय" म्हणायचो.

आमचं भांडण एकाच गोष्टीवर. माझी कडी. मी आतनं कडी लावून झोपतो. लोहाराकडनं मुद्दाम करून घेतलेली, वीतभर लांब, मनगटाएवढ्या जाडीची.

"नुसतं लोटून घेत चला की," ती रोज म्हणायची. "येळवखत काय सांगून येतोय व्हय?"

"आणि चोर आला तर?"

"चोर आला तर तुमी जिते हाईसा का न्हाय ते तरी बघंल."

मी कडी आणखी जोरात लावायचो. तिला आवाज जावा म्हणून.

या थंडीत एक दिवस मी पहाटेच न्हाणीत शिरलो. डोक्यावर कढत पाणी, कानात साबण. लाटणं पडलं ते मला ऐकू आलं नाही. तिनं दहा-बारा वेळा बडवलं असणार. मी टॉवेल गुंडाळून बाहेर येतो तर दार उंबऱ्यात आडवं, बिजागऱ्या निखळलेल्या, कोपऱ्यावरचा सुतार हातात पहार घेऊन आत, आणि त्याच्या मागं सगळी गल्ली. बायका, पोरं, पेपरवाला. एकीनं तर तोंडाला पदर लावून रडायची तयारीही केली होती. मी साबणाच्या फेसात उभा.

"हाईसा," ताराक्का म्हणाली, आणि मटकन पायरीवर बसली.

लोक हसले. पेपरवाल्यानं मोबाईल काढला. चौतीस वर्षं साहेबांनी ज्याला विचारून पाऊल टाकलं, त्या माणसाची ही दशा. माझं डोकं फिरलं.

"आजपासनं तुमचं दूध बंद," मी सगळ्यांसमोर म्हणालो. "लाटणं बी बंद. मी जगंन न्हायतर मरंन, तुमचा काय संबंध?"

"काय संबंध न्हाय," ती म्हणाली. आत जाऊन रिकामं फुलपात्र उचललं आणि गेली. ती भांडली नाही. "काय नेम हाय" सुद्धा म्हणाली नाही. मला ते त्या वेळी खटकायला पाहिजे होतं.

दुपारी सुतारानं दार बसवून दिलं. कडी मी स्वतः घट्ट केली. संध्याकाळी मोठ्या आवाजात टीव्ही लावून बसलो. नऊला तो बंद केला. चपलांचा आवाज यावा म्हणून नव्हे, बातम्या रटाळ होत्या. नऊ वाजून गेले. सव्वानऊ झाले. कुणी आलं नाही. म्हटलं, बरं झालं, बाईला एकदाची समज आली. साडेनऊला दिवा मालवून बघितला. छातीत तीच जुनी धडधड सुरू झाली. उठून पुन्हा लावला.

तेवढ्यात वास आला.

दूध लागल्याचा वास. मग करपल्याचा. पॅनवरच्या माणसाचं नाक, चुकायचं नाही. पहिल्यांदा मनात काय आलं ते सांगायची लाज वाटते, तरी सांगतो. मनात आलं, बरी जिरली. तीन उकळ्या म्हणे!

मग त्या करपट वासाखालनं दुसरा वास वर आला. जायफळाचा.

ती स्वतः जायफळ घेत नाही. म्हणजे ते दूध माझं होतं. एवढं बोललो तरी माझंच होतं. आणि दूध आचेवर असताना ती जागची हलत नाही. मग करपलं कसं?

मी दाराकडं धावलो. ती कडी मला निघेना. लोखंड जागचं सरकेना. एवढी घट्ट कडी बसवणाऱ्याला मी शिवी घातली. बसवणारा मीच.

ताराक्काच्या दाराला आतनं दोन कड्या आणि एक साखळी आहे, हे गल्लीत सगळ्यांना माहीत. मी लांबनंच खांदा पुढं करून धावलो आणि तोंडावर पडता पडता वाचलो. दार नुसतं लोटलेलं होतं. जिला उंदराचं भ्या वाटायचं, तिचं दार नुसतं लोटलेलं.

आत धूर. शेगडीवर काळं पडलेलं पातेलं, खाली बारीक निळा जाळ तसाच. आणि जमिनीवर ताराक्का, एक पाय भलत्याच बाजूला वळलेला. मांडणीवरचं फुलपात्र काढायला वळली आणि पाय सरकला. बटण तिच्या हातापासनं हातभर वर होतं. ज्या जाळाला ती जन्मभर भ्याली, त्याच्याकडं बघत ती पडून होती.

मी शेगडी बंद केली.

"टाकीचं बटन बी बंद करा," ती म्हणाली. घसा पार बसलेला.

"केलं."

"परत एकदा बघा."

मी परत एकदा बघितलं. या वेळी हसू आलं नाही.

"कवापासनं पडलाईसा?"

"पावणेनऊ झालतं."

"मग हाक मारायची न्हाय व्हय?"

"मारली की. तुमचा टीव्ही लई मोठा हुता. मग आवाज बसला. मग म्हटलं, आता काय भ्याचं कारण न्हाय, नवाला येतील आण्णा. दूध आलं न्हाय की येतील."

घड्याळात पावणेदहा झाले होते. मी खाली बसलो.

"मीच दूध नगो म्हटलं हुतं, आक्का."

"ते तुमचं तोंड बोललं. त्येचं काय एवढं." ती थांबली, दम घेतला. "चार वर्सं दूध कशापायी घालत हुतो मी? तुमच्या झोपंसाठीच व्हय नुसतं? एखाद्या दिशी ते आलं न्हाय, तर कुणीतरी दारात येऊन इचारावं, आक्का हाय का गेली. म्हणून वो. दार बी म्हणून लोटतो नुसतं."

मी तिचा हात धरला. थंडगार होता.

"वाईच उशीर केलासा," ती म्हणाली. रागानं नव्हे. दूध पातळ आहे असं सांगावं, तसं.

गल्लीतल्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली. पुण्याला असलेल्या तिच्या मुलाला फोन गेला. ॲम्ब्युलन्समध्ये ती सारखी वर, हलणाऱ्या सलाईनच्या बाटलीकडं बघत होती.

"ही डोस्क्यात पडंल."

"पडत न्हाय, आक्का."

"काय नेम हाय?"

ते ऐकलं आणि माझ्या जिवात जीव आला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ते आता जुळतंय, आणि डोक्यावरच्या पंख्यावरनं तिचं तिथल्या नर्सशी रोज भांडण चालू आहे. मी संध्याकाळी थर्मासमधनं दूध नेतो. ती एक घोट घेते आणि म्हणते, "दोनच उकळ्या दिल्यासा." पण मला सांगायचं आहे ते ती दवाखान्यात गेल्यानंतरच्या पहिल्या सकाळचं.

त्याच रात्री मी दवाखान्यातनं आलो. तिच्या स्वयंपाकघरात जाऊन ते पातेलं घासलं. राख लावली, चिंच लावली, तरी तळ काळाच राहिला. मग घरी आलो. कडीला हात गेला, तो मागं घेतला. दार नुसतं लोटलं आणि दिवा मालवून पडलो. वाऱ्यानं दार कुरकुरलं की दचकायचो. कोण आलं असेल याचं भ्या नव्हतं मला. आपण इथं असेच पडून राहिलो तर सकाळी इकडं कोण येणार, याचं होतं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसानं हे लिहायला नको, पण लिहिलं.

सहाला जाग आली. दाराच्या फटीतनं उजेडाची एक पट्टी आत आली होती. मी पडून ऐकत राहिलो. चपला वाजल्या नाहीत. लाटणं पडलं नाही. गल्लीत कुणाचा तरी नळ सुरू झाला, एक मोटारसायकल गेली, आणि पुन्हा शांत झालं.

थोडा वेळ वाट बघितली. मग उठून बसलो आणि बाहेर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो,

"हाय, आक्का. हाय मी."