चार देश, चार नारळ

राष्ट्राची सीमा ही त्या राष्ट्राच्या स्वाभिमानाची रेषा असते. तिच्या रक्षणासाठी पिढ्या खर्ची पडतात आणि ती ओलांडणाऱ्या प्रत्येकाला तिच्यापुढे क्षणभर थांबावंच लागतं, असं हिरामण भोये याने नववीत नागरिकशास्त्राच्या पेपरात लिहिलं होतं आणि त्याला सहापैकी पाच गुण मिळाले होते. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, बेल्जियममधल्या एका पेट्रोल पंपावर, त्याला कळलं की लक्झेंबर्ग नावाचा अख्खा देश त्याने चिवडा खाताना ओलांडला होता.

बातमी संतोषने आणली. तो पंपावरच्या माणसाला विचारून आला होता.

"आपण बेल्जियममध्ये आहोत," तो म्हणाला.

"मग लक्झेंबर्ग?"

"ते गेलं. स्टॉप नव्हता."

संतोष मूळचा मनमाडचा. जंक्शनच्या गावात वाढलेल्या माणसाला एखादं स्टेशन न थांबता मागे पडलं याचं विशेष काही वाटत नाही. हिरामणला वाटलं. त्याने चिवड्याची पिशवी बाजूला ठेवली, डिकी उघडली आणि नारळ मोजले. चारही जागेवर होते. तीच तर अडचण होती.

हिरामण, संतोष आणि मनोज हे तिघं नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात बावीस वर्षं एकत्र काम करत होते. कंपनीने नवं मशीन तपासून घ्यायला त्यांना जर्मनीला पाठवलं होतं. काम आटोपलं की तीन दिवस रजा टाकायची, भाड्याची गाडी घ्यायची आणि जर्मनी, लक्झेंबर्ग, बेल्जियम, नेदरलँड्स असा फेरा मारून परत जर्मनीत यायचं, हे मनोजने नाशिकमध्येच ठरवलं होतं. गाडी तोच चालवणार होता. प्रश्न फक्त हिरामणच्या आईच्या परवानगीचा होता.

भागीबाई पेठ तालुक्यातल्या पाड्यावर राहायच्या. तरुणपणी दरवर्षी द्राक्षांच्या कामाला दिंडोरीकडे उतरताना, काखेत हिरामणला घेऊन, त्या गावच्या शिवेवर थांबत. वाघदेवापुढे नारळ फोडायचा, अर्धा तिथे ठेवायचा, अर्धा खायचा आणि मगच पाऊल पलीकडे टाकायचं. हिरामणचे वडील एकदा घाईत तसेच सुरतेकडे गेले होते. आठ महिन्यांनी परत आले खरे, पण मिशी काढून आले आणि भाजीत साखर मागायला लागले. ते शेवटपर्यंत मागत राहिले.

"शीव इचारल्याबिगर वलांडली का माणूस जातो तसा परत येत नाय," भागीबाईंनी सांगितलं होतं. "तुला किती शिवा लागतील?"

"चार," हिरामण म्हणाला होता.

मग पेठच्या बाजारातून चार नारळ आले, शेंडीसकट, एकेक हलवून आणि कानाशी लावून पारखलेले. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर कुठली शीव झाली ते सांगायचं ठरलं. आणि आईला खोटं सांगणं हिरामणला आयुष्यात जमलेलं नव्हतं. त्याचं कपाळ आधी घामेजायचं आणि मोबाइलवर ते मोठं दिसायचं.

"मागे जाऊ," तो आता म्हणाला.

मनोजने समजूत घातली. मघाशी एके ठिकाणी डांबराचा रंग बदलला होता, तीच शीव असणार, तिला मनातल्या मनात नमस्कार करून टाक. पण हिरामण कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होता. दोन शतांश मिलिमीटर कमी भरलं म्हणून त्याने मनोजच्याच विभागाचा आख्खा लॉट परत पाठवलेला होता. डांबराच्या रंगावर तो शीव पास करणार नव्हता.

ते मागे गेले. हमरस्त्यावर देशाच्या नावाची निळी पाटी दिसली, पण ती दिसेदिसेपर्यंत मागे पडली आणि तिथे गाडी थांबवायला बंदी होती. पुढच्या फाट्याला वळून यावं तर पुन्हा तीच पाटी, यावेळी पाठमोरी. असं तीनदा झाल्यावर संतोषने शंका काढली, की आपण आत्ता तीन वेळा शीव ओलांडली, तर याचे नारळ वेगळे लागतील का. मनोजने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की संतोष खिडकीबाहेर बघायला लागला. पण प्रश्न गाडीत शिरला होता, तो काही उतरला नाही.

शेवटी त्यांनी मोठा रस्ता सोडला आणि पहिली शीव आधी करू म्हणून ते पार जर्मनीच्या कडेला नदीवर जाऊन पोचले. पूल होता. हिरामण हळद-कुंकवाची पुडी घेऊन उतरला. पुलाच्या नेमक्या मध्यावर रेषा असणार असा त्याचा अंदाज होता. संतोषने मोबाइलवर वाचून सांगितलं, की इथे रेषाच नाही, आख्खी नदी दोन्ही देशांची सामाईक आहे.

"बांधावरून भांडणं होत नसतील का यांची?" हिरामण म्हणाला. हे त्याला खरंच समजेना. त्याच्या पाड्यावर वीतभर बांधासाठी दोन चुलतभाऊ एकोणीस वर्षं बोलत नव्हते.

पहिला नारळ पुलाच्या टोकाला फुटला. दुसरा, त्या दिवशीच्या उरलेल्या उजेडात, बेल्जियमकडच्या एका शेतरस्त्यावर. तिथे ट्रॅक्टरवरून येणारा शेतकरी थांबला, तिघांना खाली वाकलेलं पाहून पंक्चर आहे का असं त्याने खुणेने विचारलं, खोबऱ्याचा तुकडा घेतला आणि चावत चावत निघून गेला. त्या रात्री हिरामणने फोनसाठी जागत बसलेल्या आईला दोन शिवा झाल्याचं सांगितलं. कपाळ कोरडं होतं. मनोजने मात्र जेवायला नकार दिला. अर्धे नारळ संपवायचं काम बव्हंशी त्याच्याकडे आलं होतं.

दुसऱ्या दिवशी हिरामणनेच रस्ता निवडला. बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमेवर एक गाव आहे, तिथे सरहद्द चक्क रस्त्यावर पांढऱ्या फुल्यांनी आखलेली आहे, असं त्याने शोधून काढलं होतं. डोळ्यांनी दिसणारी, मोजता येणारी शीव. इन्स्पेक्टरला आणखी काय हवं असतं?

फुल्या होत्या. हिरामणने तिसरा नारळ फोडला, अर्धा ठेवला, हात जोडले आणि नेदरलँड्समध्ये पाऊल टाकलं. दहा पावलांवर पुन्हा फुल्या होत्या. पलीकडे पुन्हा बेल्जियम. औषधाच्या दुकानाला वळसा घातला तर आणखी फुल्या. संतोषने मोबाइल चाचपला आणि सांगितलं, की गावात एका देशाचे बावीस तुकडे दुसऱ्या देशात आहेत आणि त्या तुकड्यांत पुन्हा दुसऱ्याचे तुकडे आहेत.

हिरामण जागच्या जागी उभा राहिला. पुढे शीव, मागे शीव, डाव्या हाताला शीव. हातात एक नारळ.

"हलू नकोस," मनोज म्हणाला. "हलशील तिथे नारळ लागेल."

तो ज्या घरासमोर उभा होता त्याचं दार उघडलं. सत्तरीच्या पुढची एक बाई बाहेर आली. दारासमोर नारळ घेऊन उभा असलेला माणूस तिने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला असावा, पण तिने आधी खुर्ची आणून दिली. मग संतोषच्या इंग्रजीतून तिला सगळं कळलं. ती हसली आणि म्हणाली, रेषा माझ्याच घरातून जाते. मी झोपते नेदरलँड्समध्ये आणि सकाळी कॉफी करायला बेल्जियममध्ये येते. या बाईला रोज किमान दोन नारळ लागत असणार, या विचाराने हिरामणला घाम फुटला.

आणि तेव्हाच फोन वाजला. तिथे दुपारचे साडेतीन, म्हणजे पेठला संध्याकाळचे सात. भागीबाई चुलीजवळ बसल्या होत्या. त्यांनी पहिल्यांदा कपाळ पाहिलं.

"काय झालं रं?"

हिरामणने सगळं सांगितलं. निसटलेला लक्झेंबर्ग, पाठमोरी पाटी, सामाईक नदी, या गावातल्या फुल्या. एकाच नारळात किती शिवा बसवायच्या, ते त्याने विचारलं. भागीबाईंना ते घर बघायचं होतं. बाईने मोबाइल हातात घेऊन त्यांना आधी निजायची खोली दाखवली, मग उंबरा ओलांडून स्वयंपाकघर दाखवलं. दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या आणि दोघींचं बरं चाललं होतं. मग मोबाइल हिरामणकडे आला.

"ती बाई चुलीकडं जाते तवा तिला कोण अडवतं का?"

"नाय."

"तुमाला कुठं कोणी अडवलं? थांब म्हणलं, कुठला हायेस म्हणलं?"

"कुठंच नाय."

"मंग शीव कसली रं ती? अडवणारा नाय तिथं शीव नाय. समदं एकच गाव हाय ते." त्यांनी चुलीत लाकूड सारलं. "आन पावण्यासारखा हात हलवत उभा राहू नको त्या म्हातारीच्या दारात. नारळ दे तिला."

हिरामणने चौथा नारळ दिला. बाईने तो दोन्ही हातांनी घेतला, शेंडी कुरवाळली आणि बेल्जियममध्ये ओट्यावर नेऊन ठेवला. बदल्यात तिघांना कॉफी मिळाली. नाशिक सोडल्यापासून हिरामण पहिल्यांदाच मांडी सैल सोडून बसला. उरलेला दिवस त्याने त्या गावात दोन्ही देशांतून हवा तसा फिरून काढला. मनोज रात्री पोटभर जेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते जर्मनीकडे निघाले. हिरामण पुढे बसला होता आणि रस्त्याकडे बघतसुद्धा नव्हता. एक वळण गेलं, वेग कमी करायची पाटी आली, पिवळे शंकू आले आणि रस्त्याच्या मधोमध एक उंचापुरा पोलीस हात आडवा करून उभा होता. त्याने गाडी कडेला घ्यायला लावली, काच खाली करायला सांगितली आणि तिघांना विचारलं, कुठले तुम्ही.

चौथा नारळ तेव्हा शंभर किलोमीटर मागे ओट्यावर होता.